इंदूरमधली समूहगान कार्यशाळा: आधी विषय ठरवू की आधी गाणी?

सांजवात

नमस्कार मंडळी. मी इंदूरला, रामबागेजवळ राहते. आमच्या मंडळाने यंदा समूहगानाची कार्यशाळा माझ्याकडे सोपवली आहे. चार रविवार, सकाळी दोन-दोन तास. आत्तापर्यंत ३१ नावं आली आहेत. सगळ्यात धाकटी मुलगी ९ वर्षांची, सगळ्यात मोठ्या आजी ७२ वर्षांच्या. पुरुष नऊ-दहा आहेत. तीन मुलगे असे आहेत, ज्यांचा आवाज आत्ता फुटतोय. निम्म्या घरांत अजून मराठी बोलतात. बाकीच्यांचं मराठी आजीशी फोनवर बोलण्यापुरतंच उरलंय.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझी आई अशाच एका कार्यशाळेला गेलो होतो. विषय होता जुनी भावगीतं. बारा गाणी होती. सगळी रेकॉर्डवरून, मूळ गायिकेच्या पट्टीत, मूळ हरकतींसकट. तिसऱ्या रविवारी मागच्या दोन रांगा नुसते ओठ हलवत होत्या. आई त्यातलीच एक. घरी येऊन म्हणाली, "मला गाता येत नाही गं." ही बाई पोळ्या लाटताना, देवपूजा करताना, दळण निवडताना, दिवसभर गुणगुणत असते! त्या दिवसापासून महिनाभर ती गुणगुणली नाही. ते माझ्या मनातून जात नाही.

म्हणून विचारते. गाणी निवडताना तुम्ही काय बघता? आधी विषय ठरवून त्यात बसणारी गाणी शोधायची, की आधी गाणी घ्यायची आणि विषय मागून? तुमचे अनुभव मोकळेपणाने लिहा.

तबल्याची_शाई

आधी विषय. विषय नसला की प्रत्येक जण आपापलं आवडतं गाणं घेऊन येतो आणि पहिला रविवार भांडणातच जातो. मी अशा तीन कार्यशाळांना साथ केली आहे, तिन्ही वेळा हेच पाहिलं.

मालवी_माती

मी उलटं म्हणेन. विषय म्हणजे फळ्यावर लिहिलेला मथळा नव्हे. देवास तुमच्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. तिथे बसून कुमार गंधर्वांनी जे कार्यक्रम बांधले, त्यांची नुसती नावं बघा: गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत, त्रिवेणी, तांबे गीतरजनी. १९४८ साली ते क्षयाने आजारी होऊन देवासला आले. गाणं बंद होतं, तेव्हा अंथरुणावर पडून त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायकांची लोकगीतं पडत होती. पाऊस, थंडी, लग्न, पाळणा, जे आजूबाजूला गायलं जात होतं तेच पुढे त्यांच्या कार्यक्रमांचा विषय झालं. म्हणजे ऐकणं आधी, विषय नंतर.

तुम्हीही पहिल्या रविवारी काही शिकवू नका. ३१ जणांना एकच विचारा, घरात कोण काय गायचं? दोन ओळी आठवल्या तरी गाऊन दाखवा. त्यातून विषय आपोआप वर येतो.

तबल्याची_शाई

@मालवी_माती, ते कुमारजी होते हो. इथे हातात एकूण आठ तास. त्यातले दोन ऐकण्यात घालवायचे?

मालवी_माती

हो. घालवायचेच.

पेटीवाला

विषयाचं तुम्ही ठरवा, मी पट्टीबद्दल लिहितो. ताईंच्या आईंचं जे झालं त्याचं कारण माझ्या मते पट्टी आहे, आवाज नव्हे.

आपल्याकडे सवय अशी की आधी "काळी चार" किंवा "काळी एक" ठरवायची, म्हणजे पेटीची कुठली काळी पट्टी सा धरायची ते, आणि मग गाणं त्यात कोंबायचं. समूहात पट्टी शेवटी ठरवा. आधी गाण्यातला सगळ्यात खालचा सूर आणि सगळ्यात वरचा सूर शोधा. न शिकलेल्या बायकांच्या आवाजाला पेटीच्या मंद्र (खालच्या) सप्तकातल्या काळी चारपासून मध्य (मधल्या) सप्तकातल्या काळी पाचपर्यंतचा पट्टा साधारण आरामाचा असतो. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. त्यांना जरा खाली वाटतं, पण निभतं. गाण्याचे दोन्ही टोकाचे सूर या पट्ट्यात बसवा, मग षड्ज, म्हणजे सा, कुठे पडतो ते बघा.

उदाहरण देतो. गाणं मध्य षड्जापासून तार रिषभापर्यंत (वरच्या सप्तकातल्या रे पर्यंत) जात असेल, तर काळी चार धरा. पण चाल मंद्र पंचमाला (खालच्या प ला) उतरून वर मध्य धैवतापर्यंतच (मधल्या ध पर्यंतच) जात असेल, तर तेच लोक काळी एकमध्ये मजेत गातील. दोन्ही वेळा गळ्याला पडणारे सूर तेच आहेत, षड्ज फक्त सरकला. जे गाणं तार पंचमाला जाऊन मंद्रातही उतरतं, ते कितीही आवडतं असो, समूहासाठी सोडून द्या. भावगीतांत अशी पुष्कळ निघतात. ती एका तयार गळ्यासाठीच बांधलेली आहेत, त्यात त्यांची चूक काही नाही.

आवाज फुटणाऱ्या तीन पोरांना पुरुषांच्या रांगेत बसवा आणि "जिथे लागेल तिथे गा, नाही लागला सूर तर टाळ धर" असं आधीच सांगून ठेवा. त्या वयात वर ओढायला लावलं तर गळाही दुखतो आणि पोरगं गाणंही सोडतं.

शब्दवेडी

पेटीवाले काका, हे वाचून माझ्या शाळेच्या समूहगानाचं कोडं आज सुटलं. धन्यवाद.

पोहे_जिलेबी

ताई, मी इंदूरचाच, हल्ली नोकरीसाठी बाहेर. कराओके ट्रॅक वापरा की. पट्टी ॲपमध्ये वरखाली करता येते, वादक लागत नाहीत, खर्च वाचतो. आमच्या सोसायटीत आम्ही दर शनिवारी हेच करतो आणि लोक भरभरून गातात.

तबल्याची_शाई

@पोहे_जिलेबी, एकट्याने गायला ट्रॅक ठीक आहे. समूहात ७२ वर्षांच्या आजींचा श्वास ओळीच्या मध्ये संपतो, तिथे तबलजी अर्धा क्षण ठेका जड करतो आणि सगळी रांग सावरते. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही.

पोहे_जिलेबी

हे मात्र खरं. आमच्याकडे आजी कुणी नाहीत, सगळे तिशीतले.

टाळकरी

मी आधी वेगळं बघतो. गाण्यात समूहाला काम आहे का? अभंग घ्या. एक जण ओळ घेतो, बाकी सगळे ध्रुवपद उचलतात. पोवाड्यात शाहीर गातो आणि झीलकरी "जी जी" म्हणत सूर धरतात. भारूड, गोंधळ, आरती, सगळीकडे हेच. मागच्या माणसांशिवाय ही गाणी उभीच राहत नाहीत. एकट्याचं गाणं तीस जणांनी एकदम म्हटलं की ते समूहगान होत नाही, नुसती गर्दी होते.

भजनी ठेका आठ मात्रांचा, चालायच्या लयीतला. ज्याला ताल म्हणजे काय हे माहीत नाही त्याच्याही हातात टाळ दिला की दोन मिनिटांत तो समेवर, ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, येतो. निदान एक अभंग ठेवाच. आणि खुर्च्या काढा. उभं राहून, पाय हलवत गायला लावा, आजींपुरती एक खुर्ची असू द्या.

सयाजीनगरी

बडोद्याहून लिहितेय. @टाळकरी यांना पूर्ण अनुमोदन. आमच्या इथे दांडिया बाजारातली मराठी पोरं ज्यांना वर्गात एक ओळ पाठ होत नाही, ती नवरात्रात रात्रभर गरबा गातात. का? कुणीतरी ओळ देतं, गोल झेलतो, आणि पाय चालू असतात.

थोडं अवांतर: बडोद्यात १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांनी गायनशाळा काढली आणि ती मौलाबक्षांकडे सोपवली. पुढ्यात बसून गाणं शिकायच्या काळात त्यांनी वर्गात एकत्र शिकवता यावं म्हणून स्वरलिपी तयार केली. आज त्याच शाळेचं पुढचं रूप म्हणजे विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी. तेव्हा @सांजवात, शब्दांच्या कागदावर सूरही लिहा. सगळ्यांना कळणार नाहीत. पाच जणांना कळले तरी घरी सराव होतो.

लष्कर_ग्वाल्हेर

बडोदं बोललं की ग्वाल्हेरला बोलावंच लागतं! आमचं माधव संगीत महाविद्यालय १९१८ चं, भातखंडे बुवांच्या पद्धतीने सुरू झालेलं. तिथल्या जुन्या मंडळींकडून मी लक्षणगीतं शिकलो. रागाचे नियम रागाच्याच चालीत बांधलेले असतात. आम्ही वीस पोरं एकत्र घोकायचो, त्यामुळे भीड कधी वाटलीच नाही. कार्यशाळेच्या सुरुवातीला गळा उघडायला एखादं सोपं लक्षणगीत उत्तम, भूप रागातलं घ्या. पाचच सूर.

आणि भा. रा. तांबे विसरू नका. मुंगावलीचा जन्म, देवास-इंदूरला आयुष्याची वर्षं, शेवट ग्वाल्हेरला १९४१ मध्ये. आपल्या भागाचा याहून जवळचा मराठी कवी कोण? त्यांच्या कवितांवर राग, जाती (म्हणजे छंद) आणि खाली गावाचं नाव छापलेलं असतं. म्हणजे विषय, राग आणि गाव, तिन्ही कवीनेच दिलंय. "माळव्यातला मराठी कवी" हा विषय घ्या आणि मोकळे व्हा.

शब्दवेडी

तांब्यांवर माझा फार जीव आहे, पण अख्खी कार्यशाळा तांब्यांवर नको. नऊ वर्षांच्या मुलीला त्यातला अर्धा अर्थ लागणार नाही. एक कविता घ्या, साधी, आणि तिच्यावर वेळ द्या.

शब्दांचं म्हणाल तर इंदूरच्या मुलांचं खरं अडतं ते च, ज, झ पाशी. हिंदीत च एकच. मराठीत "चंद्र" वेगळा आणि "चांदणं" वेगळं, "जीव" वेगळा आणि "जरा" वेगळं. ३१ जणांतले दहा जण एक च म्हणाले आणि बाकीचे दुसरा, तर ओळ फाटल्यासारखी ऐकू येते. मी शब्दांच्या कागदावर दंत्य अक्षरांखाली, म्हणजे "चांदणं"मधल्या च सारख्या, टिंब देते. ळ ची मात्र काळजी नको. माळवी बोलीत ळ आहेच, ज्यांच्या घरी माळवी कानावर पडते त्यांना तो सहज येतो.

कागद मोठ्या अक्षरात काढा, कृपा करून. वीस-बावीसच्या टाइपात. चष्मा विसरलेल्या काकू ओठ हलवायला लागतात ते यामुळेही.

पेटीवाला

टिंबाची युक्ती झकास. उचलतो.

निमाडची_लेक

मंडळी, कार्यशाळा कधी आहे हे कुणी विचारलंच नाही! @सांजवात, महिना कोणता?

सांजवात

पहिला रविवार भाद्रपद पौर्णिमेच्या लगेच नंतरचा. पहिले दोन पितृपक्षात येतात, तिसरा नवरात्रात, चौथा कोजागरीच्या आधी. हॉल तेव्हाच मोकळा मिळाला.

निमाडची_लेक

अहो मग विषय समोर उभा आहे. संजा!

माझं माहेर बऱ्हाणपूर, सासर इंदूर. माहेरी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसायच्या, रोज संध्याकाळी गाणी आणि नंतर खाऊ. सासरी आले तर शेजारच्या मुली पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत भिंतीवर शेणाने संजा काढताना दिसल्या. रोज नवा आकार, चंद्र-सूर्य, तारे, वर फुलांच्या पाकळ्या, शेवटी किल्ल्यासारखा मोठा किलाकोट. आणि रोज गाणी. अमावास्येला संजा बोळवली की दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि आपल्या मराठी घरांतला भोंडला सुरू! माळव्याच्या मुली थांबतात तिथून आपल्या सुरू करतात. दोन्हीकडे सासर-माहेर, दोन्हीकडे भाऊ, दोन्हीकडे खाऊ.

गाणीही तशीच. चार-पाच सुरांतली चाल, तीच ओळ फिरून फिरून, फक्त नाव बदलायचं. पेटीवाले काका म्हणतात तो पट्टा अर्धासुद्धा लागत नाही. टाळकरीदादा म्हणतात तसं सगळ्यांना काम आहे. दोन रविवार संजा, दोन रविवार भोंडला.

मालवी_माती

निमाडच्या ताई, दंडवत.

जुनं_वळण

सगळे उत्साहात आहेत, म्हणून जरा जपून लिहिते. पितृपक्षात गाणी-बजावणी आमच्या घरी चालत नाही. मंडळातल्या बऱ्याच घरांत चालत नसेल. ज्येष्ठ मंडळी तोंडावर बोलणार नाहीत, नुसती येणार नाहीत. त्यांना घरी ठेवून कसली समूहगानाची कार्यशाळा? पहिले दोन रविवार अभंगांचे ठेवा. नामस्मरणाला कुणाची ना नसते.

निमाडची_लेक

काकू, संजा पितृपक्षातच असते हो. माळव्यात शतकानुशतकं नाही म्हणत, पण माझ्या सासूबाईंच्या आजीपासून तरी मुली त्याच पंधरवड्यात गातात आणि त्याच घरात श्राद्धही होतं.

जुनं_वळण

त्यांच्याकडे होतं, मान्य. आमच्याकडे नाही होत, एवढंच म्हणते. माझ्या सासऱ्यांची तिथी त्यातच येते. त्या दिवशी मला फेर धरवणार नाही.

टाळकरी

दोघींचंही बरोबर आहे. वारकरी बाराही महिने गातो, पण तो माझा रिवाज झाला. मधला मार्ग सुचवतो. पितृपक्षातल्या दोन रविवारी फेर आणि टाळ्या नकोत. संजाची गाणी बसून शिकायची, ती तशीही बसूनच म्हणतात, आणि जोडीला एक निर्गुणी भजन. माळव्यात कबीर गावोगाव गायला जातो, तंबुरा आणि मंजिऱ्यांवर. त्याचा विषयच देह आणि हंस. त्या पंधरवड्याला त्याहून योग्य काय असेल? फेर नवरात्रात.

जुनं_वळण

हे पटलं. निर्गुणी असेल तर मी स्वतः येईन.

तबल्याची_शाई

मी विषय आधी म्हणत होतो. माघार घेत नाही, पण हा विषय कुणी बसून ठरवला नाही, हे कबूल. गाणी किती घेणार ते बोला. आठ तासांत बारा म्हणजे पाप आहे.

पेटीवाला

पाच. एक पक्कं करायला दीड तास धरा. उरलेला वेळ गप्पा, पाणी आणि उशिरा येणारे.

सयाजीनगरी

सात तरी. लहान मुलं एकच गाणं दीड तास घासली तर पळतील.

पेटीवाला

संजाची गाणी दोन-दोन मिनिटांची असतात, ती मोजलीच नाहीत मी. ती धरून सात होऊ द्या.

पोहे_जिलेबी

पहिल्या रविवारी पोहे ठेवले तर उशिरा कोणी येणार नाही भिया. अनुभवाचं बोलतोय. पोहे साडेनऊला, गाणं दहाला.

लष्कर_ग्वाल्हेर

गाऊन झाल्यावर ठेवा. भरल्या पोटी श्वास पुरत नाही.

सांजवात

मंडळी, परत आले. काल पहिला रविवार झाला. सगळं सांगते.

@मालवी_माती यांचं ऐकून पहिला तास काही शिकवलं नाही. गोल बसवलं आणि विचारलं, घरात कोण काय गायचं. पाच मिनिटं कोणी बोलेना, मला घाम फुटला. मग एका काकांनी त्यांच्या आजीची जात्यावरची ओवी म्हटली, दीडच ओळ, पुढचं आठवेना. तर ती दुसऱ्याच कोपऱ्यातून ७२ वर्षांच्या आजींनी पुरी केली. त्यांच्या माहेरी शब्द थोडे वेगळे होते. त्यावरून दोघांची जी जुंपली! त्यानंतर थांबवावं लागलं लोकांना. ९ वर्षांच्या मुलीने संजाचं गाणं म्हटलं. तिची मराठी आई, माळवी आजी. तिला सात संजागीतं पाठ आहेत आणि ती या हॉलमध्ये कोणालाच येत नव्हती. तिलाच पुढे बसवलं. सगळ्यांनी तिच्याकडून शिकली, आजीसुद्धा.

पट्टी काकांनी सांगितली तशी टोकाचे दोन सूर वाजवून ठरवली. मनात काळी चार धरून गेले होते. निर्गुणी भजन काळी एकवर आलं आणि मागची रांग ऐकू आली. मुद्दाम मागे जाऊन उभी राहिले मी. सगळे गात होते. आवाज फुटणाऱ्यांपैकी दोघांनी टाळ घेतला, तिसरा खाली पुरुषांबरोबर छान लागला.

एक फसलं. तांब्यांची कविता मी यमनात घेतली आणि तीव्र मध्यम (चढा म) अर्ध्या लोकांचा शुद्धच लागत होता. बराच वेळ घासूनही जमला नाही. सोडू का?

पेटीवाला

सोडू नका. पुढच्या वेळी निम्म्यांना नुसता षड्ज आणि पंचम धरून ठेवायला सांगा, "आ" वर, श्वास आळीपाळीने. बाकीच्यांनी त्यावर नि, मग तीव्र म, मग प, एवढंच दहा वेळा. पंचम कानात घुमत असला की तीव्र मध्यम आपोआप त्याच्याकडे ओढला जातो. नाही जमलं, तर ती ओळ ज्यांना लागते त्या पाच-सहा जणांना द्या आणि ध्रुवपद सगळ्यांना.

शब्दवेडी

त्या ओवीचे दोन्ही पाठ लिहून घेतलेत ना? दोन्ही गा, एकामागून एक. बायकांनी एक, पुरुषांनी दुसरा.

सांजवात

लिहून घेतलेत. ही कल्पना आजींना आवडेल, काकांना विचारावं लागेल.

माझ्या मूळ प्रश्नाचं म्हणाल तर, मंडळाला पत्रिकेवर विषय छापायचाच होता. "संजा ते भोंडला" दिलंय.

निमाडची_लेक

ताई, आई आल्या होत्या का?

सांजवात

काल नाही आली. "तुम्ही गा, मी ऐकेन" म्हणाली. पण रात्री शब्दांचे कागद टेबलावर ठेवले होते, ते घेऊन बसली. भोंडल्याचं पान काढून म्हणाली, ऐलमा पैलमाच्या तिसऱ्या कडव्यात तू चुकीचं लिहिलंयस, आमच्याकडे असं नव्हतं. मग म्हणून दाखवलं. सगळं म्हणून दाखवलं, ओट्याशी उभं राहून. नंतर विचारते, नवरात्रातल्या रविवारी हत्ती पाटावर काढणार की कागदावर, आणि खिरापत कोण आणणार?

जुनं_वळण

खिरापत माझ्याकडे. आईंना म्हणावं, ओळखून दाखवा.